शाळेत खेळाडू आले, चिकाटीवर बोलले. पुढं काय?

बालाघाटी (शनिवार, रात्री)

मंडळी, नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. आठवीपर्यंत वर्ग, पट १४२. गावाचं नाव देत नाही, कारण पुढं एकदोघांविषयी बरं-वाईट लिहिणार आहे.

परवा आमच्याकडं दोन खेळाडू येऊन गेले. एक ताई, खो-खोत देशाकडून खेळलेल्या. दुसरे फौजेतले धावपटू, स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची आणि पाण्याच्या उड्यांची लांब शर्यत पळणारे, सुट्टीवर गावाकडं आलेले. "सर, आमचं नाव-फोटो नेटवर नको" असं दोघांनी बजावल्यामुळं तेही देत नाही.

ज्यांना आमच्या भागाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसरा झाला की आमचं गाव अर्धं रिकामं होतं. कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, साखर कारखान्यांवर जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. काही लेकरं आईबापासोबत उसाच्या फडावर जातात. काही मागं राहतात, आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. आत्ता समोर बसलेल्या लेकरांत निम्म्यांचे आईबाप गावात नाहीत. तर अशा लेकरांपुढं बॅनर लागलं : "मानसिक लवचिकता : एक प्रेरणादायी संवाद". सातवीतल्या एकानं ते वाचून मला विचारलं, "सर, योगासनं घेणारेत का?"

कार्यक्रम दहाचा. प्रमुख पाहुणे पावणेबाराला आले. लेकरं साडेनऊपासून अंगणात बसलेली, ऊन डोक्यावर आलेलं. पाहुण्यांनी चाळीस मिनिटं घेतली. अपयश ही यशाची पहिली पायरी, हे तीनदा झालं. मधेच त्या ताई स्टेजवरून गुपचूप उतरल्या आणि पहिली-दुसरीच्या लेकरांना उठवून लिंबाखाली सावलीत नेऊन बसवलं. पाहुण्यांचं लक्ष गेलं, पण बोलणं काही थांबलं नाही.

मग लाईट गेली. माईक बंद. पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता, ते निघाले. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ती गेलेली लाईट. दोघं खेळाडू खाली आले, सगळी शाळाच लिंबाखाली सरकली आणि ताईंनी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून ऑपरेशनचा व्रण दाखवला. चौथीतल्या एका पोरीनं त्यावरून बोट फिरवून बघितलं. ताई म्हणाल्या, खो-खोत आठ जणी पाटीवर बसलेल्या असतात, खो मिळाला की एका झटक्यात उठायचं. सगळा खेळ त्या उठण्यात. "आणि मला आठ महिने उकिडवं बसताच येत नव्हतं. संडासलासुद्धा खुर्ची लागायची." पोरं फिदीफिदी हसली, त्याही हसल्या. मग त्यांनी सांगितलं, सुरुवातीला खुर्चीवरून उठायची सवय केली. ते जमल्यावर स्टुलावरून. मग चार विटा एकावर एक ठेवून त्यावरून. मग तीन, मग दोन. "शेवटच्या विटेला अडीच महिने लागले." शाळेच्या भिंतीकडच्या ढिगातून चार विटा मागवल्या आणि करून दाखवलं. मग लेकरांची रांग लागली.

फौजेतल्या दादांनी वर्गातला बाक बाहेर आणून आडवा ठेवला. म्हणाले, हर्डल्समध्ये पाय लागला तर अडथळा पडतो. आमचा पडत नाही, आपण पडतो. एका स्पर्धेत ते पाण्याच्या उडीत पडले आणि शेवटचे आले. "शेवटून येणाऱ्याला लोक उगाच जास्त टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं."

सहावीतल्या एका पोरीनं हात वर केला. प्रश्न असा : "हरून घरी आल्यावर काय जेवलात?"

दादा जरा थबकले. म्हणाले, "आईनं काही विचारलंच नाही. पिठलं-भाकरी वाढली. दुसऱ्या दिवसापासून शेळ्यांमागं गेलो. पंधरा दिवस धावलो नाही."

पोरगी म्हणाली, "म्हंजी तुमची आई घरी होती."

तिची आई सध्या फडावर आहे. दादांना माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्यांना कळलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता माझा प्रश्न. अशा भेटींचा उपयोग होतो का? का आपण फोटो काढून मोकळे होतो? शिक्षक, खेळाडू, पालक, ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहावं. दुसरं म्हणजे पोरी आता खो-खोच्या मागं लागल्यात. आमच्याकडं मैदान म्हणजे खडकाळ अंगण, आणि खांब नाहीत.

---

मांजराकाठ

सर, त्या पोरीचा प्रश्न वाचून थांबलो. पुढचं दुसऱ्यांदा उघडून वाचावं लागलं.

बॅनरवरच्या शब्दाविषयी थोडं. "लवचिकता" हा भाषांतर करणाऱ्यानं टेबलावर बसून काढलेला शब्द. लवचिक फांदी वाकते आणि सोडली की होती तशी होते. माणूस होता तसा कधी होतो का? आपल्याकडं याला अस्सल शब्द आहे : तग. जून-जुलैत पाऊस उघडतो, वीस-बावीस दिवस आभाळ कोरडं, सोयाबीन माना टाकतं, तेव्हा शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, "अजून आठ दिवस तग धरंल." त्या शब्दात पिकाच्या जोडीनं जमीन पण येते. भारी काळ्या रानातलं पीक तग धरतं, मुरमाडावरचं आधी जातं. बी एकच असलं तरी.

---

करडई

मला या प्रकाराचा रागच येतो, स्पष्ट लिहितो. ज्या लेकराची आई चार महिने फडावर, जे स्वतः भाकरी थापून धाकट्याला शाळेत आणतं, त्याला चिकाटी शिकवायला बाहेरून माणसं येतात? उलट त्यांनीच या लेकरांकडून शिकून जावं. ज्यांच्याकडं ती आधीच ढिगानं आहे त्यांना परत तीच वाटायची, आणि मैदान, बूट, अंडी, क्रीडाशिक्षक यांचं नाव काढायचं नाही. हे सगळं स्वस्तात पडतं हो. बॅनरला असा किती खर्च येतो?

बालाघाटी सर, राग तुमच्यावर नाही.

---

साडेसात_फेऱ्या

स्टीपलचेसचं नाव निघालं म्हणून आलोच :)

त्या दादांनी सांगितलेली गोष्ट शब्दशः खरी आहे. ३००० मीटरच्या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंमी, म्हणजे तीन फूट, आणि जाड लाकडी तुळईचा. एका वेळी चार-पाच जणांनी पाय दिला तरी हलत नाही. त्यावर पाय ठेवून जायलाही परवानगी असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि बीड जिल्ह्यात बसून या शर्यतीविषयी बोलायचं तर अविनाश साबळेला वगळून कसं चालेल. आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आई-वडील वीटभट्टीवर कामाला, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये भरती, सियाचीनला ड्यूटी, राजस्थानच्या वाळवंटात ड्यूटी, आणि पळायला लागला तो २०१५ च्या आसपास लष्कराच्या क्रॉसकंट्रीत. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० वेळ देऊन त्यानं गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. ३७ वर्षं टिकलेला विक्रम होता तो. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला सुवर्ण...

---

शेंगदाणा

@साडेसात_फेऱ्या, बर्मिंगहॅमला सुवर्ण नाही, रौप्य.

---

साडेसात_फेऱ्या

बरोबर, घाई झाली. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये रौप्य, ८:११.२०. केनियाचा किबिवोट ८:११.१५ ला आला. फरक ०.०५ सेकंदाचा, डोळ्याची पापणी लवते तेवढासुद्धा नाही. पण त्या राष्ट्रकुल शर्यतीत १९९८ पासून तिन्ही पदकं केनियाच नेत होता, ती साखळी आपल्या आष्टीच्या माणसानं तोडली. सुवर्ण आलं ते पुढच्या वर्षी, हांगझोच्या एशियाडमध्ये.

आता धाग्याच्या विषयाशी जोडतो. मला शाळेत बोलायला सांगितलं तर मी पदकांचं सांगणार नाही, दोन वेगळ्या शर्यतींचं सांगेन. एक २०१९ ची दोहा. जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दुसरा धावपटू वाटेत आल्यानं त्याची लय तुटली. तरी धावून राष्ट्रीय विक्रम केला, पण फेरी हुकली. भारतीय संघानं रीतसर तक्रार केली, ती मान्य झाली, आणि अंतिम फेरीत जादा धावपटू म्हणून त्याला घेतलं. तिथं परत विक्रम, ८:२१.३७. दुसरी टोकियो : ८:१८.१२ असा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी नाही. पॅरिसला २०२४ मध्ये मात्र पोचला, या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. अकरावा आला.

करडई, दोहाच्या गोष्टीत तुमच्या मुद्द्यालाही जागा आहे बरं का. लय तुटूनही तो धावत राहिला हे खरंच, पण कुणीतरी कागद घेऊन भांडलं म्हणून तो फायनलला गेला.

---

करडई

हे पटलं. लेकरांच्या बाजूनं कागद घेऊन भांडणारं कोण, एवढंच विचारतोय मी.

---

गोदाकाठची (नांदेड)

आमच्याकडच्या भाग्यश्री जाधव यांचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून मी घेते. मुखेड तालुक्यातल्या. खास खुर्चीवर बसून गोळा फेकतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलसोबत भारताचा झेंडा त्यांच्या हातात होता. तो क्षण मी लेकीला जवळ बसवून टीव्हीवर दाखवला.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. लेक चौदा वर्षांची, ८०० मीटर पळायची. शहरातल्या एका अकादमीत घातली होती. तिच्या नडगीत दुखायला लागलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "सहन कर, चॅम्पियन असेच घडतात." भिंतीवर तसलेच पोस्टर. तिनं सहन केलं. सहा आठवडे! मला सुद्धा सांगितलं नाही, कारण सांगणं म्हणजे कच खाणं असं तिच्या डोक्यात भरलेलं. एक दिवस जिना उतरताना रडायला लागली. फोटो काढला तर हाडाला बारीक चीर.

तेव्हापासून कुणी लेकरांपुढं चिकाटी, जिद्द म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सहन करायला आपल्या पोरींना शिकवावं लागत नाही, त्या जन्मापासून तेच बघत असतात. "दुखतंय" म्हणायला शिकवा. बालाघाटी सर, तुमच्या त्या ताईंनी गुडघा उघडा करून दाखवला, संडासच्या खुर्चीचं सांगितलं, ते मला चाळीस मिनिटांच्या भाषणापेक्षा फार मोठं वाटतं.

---

बालाघाटी

ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला. लेक कशी आहे आता?

करडई, तुम्ही म्हणता ते मलाही त्या दिवशी स्टेजवर बसून सारखं टोचत होतं. पण एक सांगतो. दादा "पंधरा दिवस धावलो नाही" म्हणाले, तेव्हा मागं बसलेला आठवीतला एक पोरगा माझ्याकडं बघायला लागला. तो दिवाळीनंतर महिनाभर शाळेत आलेला नव्हता. मी त्याला काय काय बोललो होतो ते त्याला आठवत होतं आणि मलाही.

---

गोदाकाठची

बरी आहे. पळणं बंद आहे, सध्या पोहते. परत पळायचं का ते तिचं ती ठरवंल.

---

जुना_पैलवान (लातूर)

राम राम. लिहायची सवय नाही, नातू टाईप करून देतोय.

आमच्या लातूर जिल्ह्यानं हरिश्चंद्र बिराजदार दिला, काका पवार दिला. राहुल आवारे पाटोद्याचा, म्हणजे बीडचा, पण तालमीच्या नात्यानं आमचाच. बिराजदार मामांच्या हाताखाली पुण्यात तयार झाला, मामा २०११ ला गेले, मग काका पवारांकडं. २०१६ च्या ऑलिंपिकची संधी हुकली. कुस्तीत तेवढ्यावर किती पोरं माती सोडतात ते मी बघितलंय. यानं २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणलं आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य.

मी स्वतः साधा जत्रेतला पैलवान. नारळाच्या कुस्तीपासून सुरू केलं, पाचशे-हजाराच्या कुस्तीपर्यंत गेलो, बस्स. पण हरण्याचं म्हणाल तर माझ्याइतका अनुभव इथं कुणाला नसंल. आमच्या वस्तादांची एक पद्धत होती. जत्रेत चीतपट होऊन आलेल्या पोराला ते रात्री काही बोलायचे नाहीत. पहाटे चारला त्यालाच उठवायचे आणि हौद्यातली माती खोदायला लावायचे. एकट्याला. बाकीची पोरं पाचला यायची. तासभर खोऱ्यानं माती खालवर करायची, त्यात तेल, ताक, हळद मिसळायची. मला तेव्हा वाटायचं शिक्षा आहे. पुढं वस्ताद म्हातारे झाल्यावर एकदा विचारलं. म्हणाले, "शिक्षा कशाची रे? हरलेला गडी दुसऱ्या दिवशी तालमीकडं यायला लाजतो. सगळ्यांच्या आधी आला की कुणाच्या नजरंला नजर द्यावी लागत नाही. अन् बाकीचे येईस्तवर अंगाला माती लागलेलीच असती."

---

मांजराकाठ

दादा, नातवाला सांगा, असंच टाईप करत राहा.

---

शेंगदाणा

+१

अवांतर : पाहुण्यांना जेवायला काय होतं? आमच्या शाळेत कुणीही आलं तरी बुंदी आणि वांग्याची भाजी ठरलेली.

---

बालाघाटी

खिचडीच होती, लेकरांची रोजचीच. दोघं पंगतीत बसले. पाहुण्यांसाठी वेगळा चिवडा-पेढा आणला होता, तो स्टाफनं संपवला. खोटं कशाला बोलू.

---

हुरडा (सध्या पुणे)

मी धारूर तालुक्यातला. आईबाप ऊसतोड. सातवीत असताना आमच्या शाळेत असाच एक खेळाडू आला होता, कुठल्या खेळाचा तेही आता सांगता येणार नाही. भाषणातलं एक वाक्य आठवत नाही. आठवतात त्याच्या टाचा. तो चप्पल काढून ओट्यावर बसला होता आणि मी खाली समोर. त्याच्या टाचांना भेगा होत्या, माझ्या आईच्या असतात तशा, काळ्या रेघा भरलेल्या. इतका मोठा माणूस, पेपरात फोटो आलेला, आणि टाचा आमच्यासारख्या! मी घरी जाऊन आजीला तेवढंच सांगितलं.

त्यानं माझं आयुष्य बदललं वगैरे काही झालं नाही. मी खेळाडू झालो नाही. आठवीला असताना एक हंगाम फडावर गेलो, वर्ष वाया गेलं, नंतर एका मास्तरांनी वसतिगृहात टाकलं म्हणून शिकलो. करडईंचं म्हणणं माझ्या बाबतीत खरं ठरलं, मला तारलं ते वसतिगृहानं. पण त्या टाचा डोळ्यांपुढून जात नाहीत. याचा उपयोग झाला म्हणायचं का? मला ठरवता येत नाही.

---

खडूफळा (धाराशिव, क्रीडाशिक्षक)

धागा आजच बघितला. आमच्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे घरचं देवकार्य, म्हणून जरा लांब लिहितो.

सारिका काळे धाराशिवच्या. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताला सुवर्ण मिळालं. २०२० ला अर्जुन पुरस्कार, खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळाला. सुमारे दहा वर्षं घरात एक वेळचंच जेवण असायचं, हे त्यांनी त्या वेळी मुलाखतीत स्वतःच सांगितलंय. २०१६ मध्येच घरच्या ओढाताणीनं खेळ सोडायच्या टोकाला आल्या होत्या, हेही. पुढं तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी लागली. आमच्या पोरींना अर्जुन पुरस्कार कळत नाही, नोकरी कळते. त्यात वाईट काही नाही. क्रीडा कोट्यातलं ५ टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे वाढीव गुण, ही माहिती अशा भेटीत कुणीतरी नीट द्यायला हवी. नुसतं "स्वप्नं बघा" म्हणून लेकरू घरी गेलं की आजी विचारते, "मंग काय मिळतंय त्यातून?"

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. महिलांची फायनल नेपाळशी, ७८-४०. आता मॅट आली, बूट आले. आमची पोरं मात्र अजून मातीवर अनवाणीच.

बालाघाटी सर, पुढच्या वेळेसाठी अनुभवाचे चार शब्द :

स्टेज नको. माईक तर नकोच, तुमच्याकडं लाईट गेली हे नशीब. एका वेळी तीस-चाळीस लेकरं, त्याहून जास्त झाली की सभा होते. आदल्या दिवशी प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्या, नाव न घालता. आमच्याकडं एका चिठ्ठीत निघालं होतं, "मॅचच्या दिवशी पाळी आली तर काय करता?" हात वर करून हे कुणी विचारलं नसतं. खेळाडूनं दहा मिनिटं सरळ उत्तर दिलं. आम्ही पुरुष शिक्षक बाहेर जाऊन थांबलो. आणि पाहुण्याला एवढंच सांगा की जिंकलेलं कमी, दुखलेलं जास्त सांगा. जमलं तर महिन्यानं परत या म्हणा, हार-तुरे काही नाहीत, पोरींसोबत नुसता एक डाव खेळा. परत येणाऱ्याला पोरं विसरत नाहीत.

आता मैदान. पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर लागतं. तेवढी जागा नसेल तर लहान पोरींसाठी छोटं आखा, काही बिघडत नाही. खडकावर सूर मारायला शिकवू नका, अजिबात. आधी मुरूम टाकून वर माती, पाणी मारून रोलर. रोलर नसेल तर सिमेंटचा मोडका पाईप ओढा, आम्ही तेच केलं. खांब लाकडी, जमिनीवर १२० सेंमी, जाडी साधारण ९-१० सेंमी, गोल आणि गुळगुळीत. लोखंडी पाईप बसवू नका, पोरगी वळण घेताना हात सटकतो, आणि उन्हाळ्यात चटका बसतो तो वेगळाच. सुरुवात पाटीवरून उठण्यापासूनच करा. तुमच्या त्या ताईंनी विटांनी तीच केली, ओळखलं असेल.

---

करडई

खडूफळा सर, एका प्रतिसादात कामाचं इतकं! माझी भांडायची खुमखुमी गेली की हो.

मुरमाचा एक हायवा मी देतो. माझ्या मेव्हण्याची खाण आहे माजलगावकडं. बालाघाटी, व्यक्तिगत निरोप बघा.

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद काढले आहेत. प्रमुख पाहुणे कोण असतील याचे अंदाज बांधू नयेत.

---

बालाघाटी (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, उशीर झाला त्याबद्दल माफी. परीक्षा, वर सर्वेक्षणाचं काम.

मुरूम आला. करडई स्वतः गाडीसोबत आले होते. दिसायला धाग्यापेक्षा बरेच मवाळ आहेत :) शाळा व्यवस्थापन समितीतल्या बाया-माणसांनी तीन संध्याकाळी माती पसरली. पाईप सापडला नाही, म्हणून पाण्यानं भरलेलं पिंप आडवं करून लोटलं. चालतं.

विटांचा वेगळाच घोळ झाला. मुख्याध्यापकांनी विचारलं, भिंतीच्या ढिगातल्या विटा कुठं जातायत? पोरी एकेक घरी नेत होत्या. आता वर्गात जाऊन विचारलं की सांगतात, "सर मी तिसऱ्या विटंवर", "सर मी दुसऱ्या." आपण होऊन त्यांनी ते पायरीसारखं लावून घेतलंय. त्यातल्या कुणाचाच गुडघा दुखावलेला नाही, पण आता कोण सांगणार. गोदाकाठच्या ताईंचं मनात होतं म्हणून सगळ्यांना एकदा बसवून सांगितलं, दुखलं तर थांबायचं आणि येऊन सांगायचं. दुसऱ्याच दिवशी अकरा जणी "सर दुखतंय" म्हणत आल्या. त्यातल्या नऊ जणींना गणिताचा तास चुकवायचा होता.

ज्या पोरीनं जेवणाचं विचारलं होतं, ती आता शाळेत नाही. धाकटा भाऊ आजीला आवरेना म्हणून बाप येऊन दोघांना फडावर घेऊन गेला, कर्नाटकात. मी त्या दिवशी रजेवर होतो. फोन लावला, मुकादमाच्या फोनवरून एकदा बोलणं झालं. तिथल्या शाळेत बसवा म्हणालो, बाप हो म्हणाला. तिनं काय विचारलं असेल सांगा? "सर, खांब आले का?"

फौजेतल्या दादांचा फोन आला होता, ड्यूटीवर परत गेलेत. तिचं सांगितलं. म्हणाले, कारखान्याचं नाव पाठवा, त्या बाजूला आमच्यातला एक जण गावी असतो, बघतो. बघतील का, बघून काय होईल, माहीत नाही. नाव पाठवलंय.

खांब उद्या येतायत. गावातल्या सुतारानं बाभळीचे तासलेत. पैसे नको म्हणाला, त्याची नात पाचवीत आहे.

---

खडूफळा

बाभूळ मजबूत असते, पण गाठी नीट घासून घ्या, पोरींच्या तळहातात कुसं जातात. काचपेपर दोनदा. आणि लगेच पुरू नका, आठ दिवस सावलीत ठेवून वाळू द्या, नाहीतर उन्हात तडकतील. पुरताना दोन-अडीच फूट खाली जाऊ द्या.

---

बालाघाटी

अडीच फूट कुठलं, खाली खडक लागतोय सर. दीड फुटावरच पहार वाजली.

---

जुना_पैलवान

पहारीनं होणार नाही. खड्ड्यात रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी छन्नी-हातोड्यानं कडेकडेनं फोडत जा. आमचा हौदा असाच खणला होता. नातू म्हणतो फोटो टाका.